पोटभर भात आणि उपाशी आतडे

भंडारा जिल्ह्यात एखाद्याचे वजन वाढले किंवा रक्तातली साखर वर गेली की घरातला पहिला निकाल भाताविरुद्ध लागतो. शेजारी सांगतात, पाहुणे सांगतात, मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात: भात बंद कर. वैनगंगेच्या खोऱ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या धानच पिकले आणि भाताशिवाय जेवल्याचे समाधान होत नाही. अशा माणसाला हा सल्ला शिक्षेसारखा वाटतो. तो महिनाभर पाळला जातो, मग सुटतो, आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. हा सल्ला उथळ आहे असे माझे ठाम मत आहे.

माझे म्हणणे असे: भाताच्या ताटातून आपण दोन गोष्टी घालवल्या, दाण्यावरचे आवरण आणि दाण्याचे सोबती, म्हणजे डाळी-कडधान्ये. या दोन्हींमधून येणारा चोथा आपल्याला पचत नाही; तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे अन्न आहे. ते उपाशी राहिले की भूक, साखर आणि चरबी या तिन्हींवर परिणाम होतो. लठ्ठपणाचे हे एकमेव कारण नव्हे, पण आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित कारण हेच आहे. भात सोडणे, महागडा ब्राऊन राईस आणणे आणि जिवाणूंच्या कॅप्सूल गिळणे हे तिन्ही लोकप्रिय उपाय म्हणूनच अपुरे पडतात.

गिरणीत काय जाते

तुमसर किंवा मोहाडीकडच्या कोणत्याही राईस मिलमध्ये धानाचा प्रवास थोड्याफार फरकाने सारखाच असतो. रबरी रोलरमधून जाताना तूस सुटते आणि भुरकट तपकिरी तांदूळ उरतो. पौष्टिकतेच्या दृष्टीने इथेच थांबता आले असते. पण तो तांदूळ पुढच्या यंत्रात जातो, तिथे दाणा खरखरीत दगडावर आणि दुसऱ्या दाण्यावर घासला जातो, आणि वरचा पापुद्रा भुकटी होऊन नळीतून पोत्यात पडतो. हा कोंडा. ताजा कोंडा हातात घेतला तर उबदार लागतो, मुठीत दाबला तर तेलामुळे गोळा धरतो, आणि त्याला गोडसर वास असतो. शंभर किलो धानामागे साधारण वीस किलो तूस आणि सात-आठ किलो कोंडा निघतो. शासनाच्या भरडाईत शंभर किलो धानाच्या बदल्यात अरवा (कच्चा) तांदूळ ६७ किलो आणि उष्णा (उकडा) ६८ किलो परत द्यायचा असतो. कोंड्याचे तेल निघते, उरलेली पेंड गुरांना आणि कोंबड्यांना जाते.

या पापुद्र्याचे मोल जगाला कळले ते एका रोगामुळे. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होताना दिसला, आणि पॉलिश न केलेला तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. त्यातून जीवनसत्त्वांचा शोध पुढे सरकला, आणि आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळाले. आपल्या विदर्भातल्याच वर्ध्यात १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा केला. त्याचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी तिथल्या मगनवाडीतून ज्या गोष्टींचा आग्रह धरला, त्यात हातसडीचा तांदूळ अग्रभागी होता. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये भात गिरण्यांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा आला. तोही पुढे रद्द झाला. गिरणी जिंकली.

ती का जिंकली हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोंड्यातल्या तेलावर त्याच कोंड्यातले विकर काम करू लागते आणि तांदूळ लवकर खवट होतो. गोदामात वर्षभर ठेवायचा, रेल्वेने देशभर न्यायचा तांदूळ असा चालत नाही. त्यामुळे पॉलिशला निव्वळ फॅशन म्हणून झटकता येत नाही. साठवणुकीच्या खऱ्या अडचणीवरचे ते उत्तर होते. मात्र त्या उत्तरात काय गमावले याचा हिशेब आपण अर्धवटच केला. पुढे रेशनच्या तांदळात शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ भरलेले कृत्रिम दाणे मिसळले जाऊ लागले. म्हणजे सूक्ष्म पोषणद्रव्यांची उणीव अंशतः तरी भरून काढावी असे सरकारला वाटले. चोथा परत घालण्याचा विचार कोणी केला नाही, कारण चोथा हे अन्न आहे हेच आपण मान्य केलेले नाही.

चोथा कुणाचे अन्न

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात असा २०१६ चा अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. या जिवाणूंचे एकूण वजन मात्र दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. धान्याच्या आवरणातला चोथा मुख्यतः झायलान जातीच्या साखरसाखळ्यांचा असतो. त्या तोडायची विकरे आपल्याकडे जवळजवळ नाहीत. आतड्यातल्या एकेका जिवाणूकडे मात्र अशी दोनशेहून अधिक विकरे असू शकतात. लहान आतड्याने जे सोडून दिले ते खाली आल्यावर जिवाणू आंबवतात, आणि त्यातून असिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा ब्युटिरेटमधूनच घेतात.

अन्न पाठवलेच नाही तर जिवाणू गप्प बसत नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात चोथा बंद केल्यावर जिवाणूंनी आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थरच खायला घेतला आणि तो पातळ झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात चोथ्याविना वाढलेल्या उंदरांच्या पिढ्यांमधून जिवाणूंच्या काही जाती नाहीशा झाल्या. तीन-चार पिढ्यांनी पुन्हा चोथा दिला तरी त्या परतल्या नाहीत. आज आपण मुलांना जे खाऊ घालतो त्याचे परिणाम आपल्या पिढीपुरते नसतील, ही शक्यता त्यातून उभी राहते. मला ती फार अस्वस्थ करते.

भारतीयांबाबत इथे एक विशेष गोष्ट आहे. पुण्यातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे प्राबल्य दाखवले. २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळ इथल्या निरोगी लोकांच्या तुलनेत भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी, गटात प्रेव्होटेला ठळक होता. २०१० मध्ये बुर्किना फासोतल्या ज्वारी-बाजरी खाणाऱ्या खेड्यातली मुले आणि फ्लॉरेन्समधली मुले यांची तुलना झाली तेव्हा आफ्रिकी मुलांतही हाच जिवाणू भरपूर होता. धान्याच्या आवरणातले झायलान तोडण्यात तो निष्णात. म्हणजे धान्याचा चोथा खाऊन राहणारे जिवाणू आपल्याकडे वारसाहक्काने आहेत. आणि तो वारसा टिकतोच असे नाही: आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि कारेन स्थलांतरितांत तो घटत जातो आणि चोथा तोडायची क्षमताही कमी होते, असे २०१८ मध्ये दिसले. भंडाऱ्यातून बाहेर न जाता, केवळ ताट बदलून, तसेच स्थलांतर घडू शकते.

लठ्ठपणाकडे जाणाऱ्या वाटा

पहिली वाट उघड आहे. चोथ्यासकट धान्य चावायला वेळ लागतो, ते जठरातून हळू सरकते, साखर एकदम चढत नाही. यात जिवाणूंचा संबंध नाही.

दुसरी वाट भुकेची. जिवाणूंनी केलेली मेदाम्ले आतड्यातल्या काही पेशींना भिडली की त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके सोडतात, आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. सध्या वजन उतरवण्याच्या ज्या इंजेक्शनांचा गाजावाजा आहे, त्यांतले औषध याच जीएलपी-१ ची नक्कल आहे. चोथ्यातून मिळणारा परिणाम त्या औषधाच्या मानाने अगदी सौम्य असतो. पण तो दिवसातून दोनदा, आयुष्यभर मिळू शकतो.

तिसरी वाट दाहाची. अस्तराचा थर पातळ झाला की जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे रक्तात झिरपतात आणि शरीरात मंद दाह पेटता राहतो. अशा शरीरात इन्सुलिनचे नीट चालत नाही, आणि चरबी पोटाभोवती साठण्याकडे कल वाढतो.

चौथी वाट हिशेबाची. पिष्टाच्या एका ग्रॅममागे शरीराला चार कॅलरी मिळतात. चोथ्याच्या एका ग्रॅममागे जिवाणूंच्या मार्गाने सुमारे दोनच. शिवाय चोथा थोडीफार ऊर्जा बांधून बाहेर नेतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने २०१७ मध्ये ८१ जणांना सहा आठवडे तोलून आहार दिला. निम्म्यांना अख्ख्या धान्याचा, निम्म्यांना पॉलिश धान्याचा. अख्ख्या धान्याच्या गटात रोज ९० कॅलरींच्या आसपास जास्त ऊर्जा शरीराबाहेर गेली किंवा खर्च झाली. ती साधारण एका लहान पोळीइतकी. रोजची पोळी वर्षभर मोजली तर ती क्षुल्लक राहत नाही.

पुरावा कुठे पक्का, कुठे कच्चा

जिवाणू आणि लठ्ठपणा हा विषय बाजाराने फार लवकर उचलला. २००६ मध्ये लठ्ठ उंदरांचे जिवाणू सडपातळ उंदरांत घातले तर ते जास्त चरबी साठवतात असे दिसले आणि जगभर खळबळ उडाली. लठ्ठ माणसांत अमुक गटाचे जिवाणू जास्त आणि तमुक कमी, असे सूत्र सांगितले जाऊ लागले. पुढे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर ते सूत्र माणसांत टिकले नाही. त्यामुळे विष्ठेची चाचणी करून ‘तुमचे जिवाणू लठ्ठ आहेत’ असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवायला आज आधार नाही.

२०१३ चा एक प्रयोग मात्र मला या सगळ्या वादात निर्णायक वाटतो. एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींच्या जोड्या शोधून त्यांचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत घातले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत चरबी वाढली. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले तेव्हा सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या उंदरांत शिरले आणि चरबी वाढणे रोखले गेले. मात्र हे चोथा भरपूर आणि चरबी कमी अशा आहारावरच घडले. उलट्या आहारावर ते जिवाणू दुसऱ्या उंदरात रुजलेच नाहीत. जिवाणूंची कॅप्सूल घेऊन वर पांढरा ब्रेड खाणाऱ्याने हा निष्कर्ष लक्षात घ्यावा. पाहुणा बोलावला आणि जेवायला काहीच ठेवले नाही, तर तो राहणार कसा?

माझ्या मताच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे. डेन्मार्कमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन वाढलेल्या प्रौढांना आठ आठवडे अख्खे धान्य दिले. वजन थोडे उतरले, दाह कमी झाला. पण जिवाणूंच्या रचनेत मोठा बदल आढळला नाही. मग जिवाणूंचा काय संबंध, असे कोणी विचारले तर तो रास्त प्रश्न आहे. माझे उत्तर असे की कोण राहतो याची यादी आणि ते काय करतात याचा हिशेब या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ मधल्या एका स्वीडिश प्रयोगात बार्लीचा अख्खा दाणा असलेला पाव तीन दिवस दिला. काहींची साखर सुधारली, काहींची नाही, आणि सुधारलेल्यांत प्रेव्होटेला जास्त होता. तेव्हा चोथ्याचा फायदा ठाम. त्यातला जिवाणूंचा वाटा माणसागणिक कमी-जास्त. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र करून मांडलेला निष्कर्षही चोथ्याच्या फायद्याच्याच बाजूचा होता: रोज २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि वजन या तिन्ही बाबतींत स्थिती बरी.

भात सोडला, पण काय धरले

आता आपल्या ताटाचे आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम पॉलिश तांदळात चोथा २.८१ ग्रॅम, उष्ण्यात ३.७४, तपकिरी तांदळात ४.४३. गव्हाच्या कणकेत ११.३६, ज्वारीत १०.२२, बाजरीत ११.४९, नाचणीत ११.१८. आणि मैद्यात? २.७६.

हा शेवटचा आकडा ‘भात सोडा’ म्हणणाऱ्यांनी पाहावा. भात सोडून माणूस चहाबरोबर टोस्ट, सकाळी ब्रेड आणि संध्याकाळी बिस्किटे धरतो. चोथ्याच्या हिशेबात तो होता तिथेच राहतो. वर साखर आणि वनस्पती तूप वाढते. ज्याने भात कमी करून ज्वारीची भाकर किंवा न चाळलेल्या कणकेची पोळी धरली, त्याला खरा फायदा होतो. पण मग तो फायदा भात सोडल्याचा कमी आणि चोथा वाढल्याचा जास्त असतो. कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकायची सवय अनेक घरांत आहे. ती सोडणे हा बिनखर्चाचा उपाय.

ब्राऊन राईसच्या सल्ल्यालाही हे आकडे उत्तर देतात. कष्टाचे काम करणारा माणूस दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ खातो असे धरा. पॉलिश तांदळातून त्याला अकरा ग्रॅम चोथा मिळेल, तपकिरीतून अठराच्या आसपास. शिफारस दोन हजार कॅलरींमागे तीस ग्रॅमची आहे. तांदूळ हे मुळातच कमी चोथ्याचे धान्य, त्यामुळे त्याचे आवरण पूर्ण राखले तरी एकटा तांदूळ पुरा पडत नाही. तो कधी एकटा नव्हताही. धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीत लाखोळी फेकायची, कुठे हरभरा, कुठे जवस, ही या जिल्ह्याची जुनी रीत. लाखोळीचा पाला भाजीला, डाळ वरणाला आणि वड्यांना. शंभर ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात चोथा पंचवीस ग्रॅम असतो. अडीचशे ग्रॅम पॉलिश तांदूळ आणि शंभर ग्रॅम हरभरा एवढ्यावर तीस ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. चारशे ग्रॅम ब्राऊन राईसला ते जमत नाही.

लाखोळीबद्दल जपून बोलले पाहिजे. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाल्ल्याने पाय लुळे पडण्याचा आजार होतो, आणि म्हणूनच तिच्या विक्रीवर दीर्घकाळ बंदी होती. कमी विषद्रव्याचे वाण आहेत, आणि भिजवून पाणी फेकल्याने ते द्रव्य आणखी घटते. तरीही तिने वरणाच्या वाटीत इतर डाळींसोबत यावे, पोटभरीचे मुख्य अन्न होऊ नये.

चार आक्षेप

पहिला: हा जिल्हा कुपोषणाशी झुंजतो आहे, इथे लठ्ठपणाची चर्चा कशाला? याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी देऊन ठेवले आहे. १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे अभ्यासली. ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण शरीरातली चरबी त्या मानाने राखून होती. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले: दोघांचा बीएमआय २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१. काटक दिसणाऱ्या शेतमजुराच्या पोटातही धोका वाढत असू शकतो. २०२३ च्या देशव्यापी पाहणीत बीएमआयने लठ्ठ ठरणारे २८.६ टक्के होते, पोटाचा घेर वाढलेले ३९.५ टक्के. काट्यावर पकडता न येणारा लठ्ठपणा हाच आपला मुख्य लठ्ठपणा आहे.

दुसरा: पूर्वी लोक राबत होते, आता हार्वेस्टर आले, मोटारसायकल आली, खरे कारण तेच. हे मला पूर्ण मान्य आहे. श्रम घटले म्हणून तर पोट लवकर भरवणारे अन्न जास्त हवे. रोवणीच्या दिवसांत जे पांढऱ्या भातावर निभावत होते, ते दुकानात बसणाऱ्याला निभत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. कोंड्यात फायटेट असते, ते लोह आणि जस्त बांधून ठेवते. आणि आपल्या बायकांमध्ये रक्तक्षय घरोघरी आहे. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांनी फायटेट बरेच घटते. जेवणात लिंबू किंवा आवळा असला की लोह चांगले शोषले जाते. पण गरोदर आणि रक्तक्षय असलेल्या स्त्रीला ‘कोंडा खा’ एवढेच सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. तिच्या गोळ्या चालूच राहिल्या पाहिजेत.

चौथा: गॅस होतो. होतोच, एकदम वाढवला की. महिनाभरात हळूहळू वाढवला की बहुतेकांना सोसतो.

गिरणी न मोडता

हातसडीकडे परत जाता येणार नाही, आणि तसे सुचवणे हे बायकांच्या खांद्यावर पुन्हा मुसळ ठेवणे होईल. उष्ण्या तांदळात एक मधला मार्ग आहे. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडले की कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, खवटपणा आणणारे विकर उष्णतेने निकामी होते, आणि थंड होताना पिष्टाचा थोडा भाग न पचणारा होऊन जिवाणूंपर्यंत पोहोचतो. यातले शेवटचे शिळ्या भातातही थोड्या प्रमाणात घडते. मात्र शिजवलेला भात उन्हाळ्यात रात्रभर उघडा ठेवला तर विषबाधेचा धोका असतो. तो लवकर थंड करून झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी कडकडीत फोडणीचा करावा. उष्ण्याला पॉलिश थोडे कमी ठेवले तर साठवणुकीची अडचण बरीच सुटते. चिन्नोरसारखा भौगोलिक मानांकन मिळालेला सुवासिक तांदूळ सणासुदीला पांढराशुभ्र खावा, त्यात काही बिघडत नाही. प्रश्न रोजच्या तांदळाचा आहे.

सुरुवात शाळेपासून व्हावी. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला दीडशे ग्रॅम धान्य ठरलेले आहे, डाळ अनुक्रमे वीस आणि तीस ग्रॅम. भंडाऱ्यात धान इथेच पिकते आणि इथेच भरडले जाते. शाळेपुरता तांदूळ वर्षभर गोदामात ठेवायची गरजच नाही. महिन्याला लागेल तेवढा भरडून घेता येतो. साकोली किंवा लाखांदूर असा एक तालुका घ्यावा. तिथल्या निम्म्या शाळांना कमी पॉलिशचा उष्णा तांदूळ आणि आठवड्यातून तीन दिवस भिजवलेला अख्खा हरभरा द्यावा, उरलेल्या निम्म्यांना सध्याचेच जेवण. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांच्या वजनाबरोबर कमरेचा घेर आणि हिमोग्लोबिन मोजावे, आणि पालकांच्या संमतीने काही मुलांच्या विष्ठेचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात तपासायला पाठवावेत. तिथे या कामाचा अनुभव आहे. हिमोग्लोबिन घसरले तर प्रयोग थांबवावा. मुलांनी भात ताटात टाकून दिला तर तेही नोंदवावे, कारण न खाल्लेल्या चोथ्याचा जिवाणूंना काही उपयोग नाही.